अनुभव धागा : पहिल्या घासाला नकोसं वाटलं, मग सोडवेना

माझं माहेर सोलापूर, सासर वेंगुर्ला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं वाढलं. त्यातलं तिरफळ मी मिरी समजून चावलं आणि क्षणात जीभ बधिर, ओठांना मुंग्या. "अगो, ता चावूचा नसता, बाजूक काढूचा," असं म्हणत त्यांनी वाटीभर सोलकढी पुढे केली. आज तिरफळाशिवाय बांगडा मला जेववत नाही. गेल्या वर्षी भाऊ चीनमधल्या छंदूहून हुआजिआओ या मिरीसारख्या मसाल्याची पुडी घेऊन आला. तिचा वास घेतला आणि सरळ फळीवरची तिरफळाची बरणी काढून शेजारी ठेवली. दोन्ही एकाच कुळातली झाडं! तिकडे तर या बधिरपणाला 'मा' असा स्वतंत्र शब्द आहे, जसा आपल्याकडे तुरट.

तुमच्या ताटात असं काय आलं? नुसतं 'किळस आली' नको. पदार्थ कसा करतात, कुणी वाढला, कितव्या घासाला आवडला, सविस्तर लिहा. आवडलाच नसेल तर तेही लिहा, पण करणाऱ्याचा मान ठेवून.

मितो, जपान (मूळ पुणे)

मी राहतो तेच नत्तोचं गाव, त्यामुळे सुटका नव्हती. नत्तो म्हणजे वाफवलेलं सोयाबीन, बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूनं जवळजवळ एक दिवस उबेत आंबवलेलं. पूर्वी ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून ठेवत. जीवाणू पेंढ्यावर असतोच. आता दुकानात तीन-तीन डब्यांचा गठ्ठा मिळतो, सोबत मोहरी आणि सोया सॉसच्या चिमुकल्या पुड्या. वास? मोड आलेली मटकी उन्हाळ्यात फडक्यात एक दिवस जास्त राहिली तर येतो, अगदी तसाच.

पहिल्यांदा खाल्लं तेव्हा घास गिळला आणि डबा मिटला. घरमालकीण आजींनी नंतर शिकवलं : आधी काड्यांनी भरपूर घोटायचं, पांढरा फेस येऊन तारा सुटेपर्यंत, मग मोहरी, वर चिरलेली कांद्याची पात, आणि खाली भात वाफाळता हवा. गार भातावर घेतलं हीच माझी चूक होती. चौथ्या-पाचव्या वेळी आवडलं. आता सकाळी तेच लागतं. 10 जुलैला इथे नत्तो दिवस असतो, कारण सात आणि दहा हे आकडे जोडून 'ना-तो' असा उच्चार होतो.

एक महत्त्वाचं. माझे बाबा वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेतात. नत्तोत के जीवनसत्त्व इतकं असतं की त्या औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून ते इथे आले तेव्हा त्यांना एक दाणाही दिला नाही. घरात कुणी हे औषध घेत असेल तर कृपया लक्षात ठेवा.

नागपूर, पूर्वी दिमापूर

वरचं वाचून राहवलं नाही. नागालँडमध्ये सुमी लोकांचं अखुनी म्हणजे या नत्तोचं चुलत भावंडच. सोयाबीन उकडायचं, केळीच्या पानात बांधून चुलीजवळ ठेवायचं, काही दिवसांनी ठेचून गोळा करायचा. बँकेच्या बदलीवर मी तीन वर्षं दिमापूरला होतो. खालच्या मजल्यावर अखुनी रटरटायला लागलं की सुरुवातीला मी खिडक्या लावून घ्यायचो. या वासावरून दिल्लीत ईशान्येकडच्या मुलामुलींना भाड्याच्या खोल्या सोडाव्या लागतात, हे तिथेच एका सहकाऱ्याकडून ऐकलं, आणि त्या दिवसापासून खिडक्या लावणं बंद केलं. आपल्या सुकटीच्या वासावरून कुणी घर नाकारलं तर आपल्याला कसं वाटतं?

मला खरी ओढ लागली ती अनिशीची. आओ लोक अळूची पानं पिवळी पडेपर्यंत ठेवतात, मग वाटून वड्या थापतात आणि चुलीवरच्या धुरात सुकवतात. अळूचं फतफतं खाऊन वाढलेला मी, पण अळूचं हे रूप कधी कल्पनेतही आलं नव्हतं. धुरकट, काळी, खोल चवीची वडी. परत येताना बॅगेत सहा आणल्या होत्या. पुरवून पुरवून वापरल्या.

मेलबर्न

व्हेजिमाइट. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट लगदा. 1923 पासून विकला जातो. नवीन आलेला माणूस तो जॅमसारखा जाड थापतो आणि कायमची नावं ठेवतो. गरम टोस्ट, भरपूर लोणी, आणि त्यावर व्हेजिमाइटचा फक्त एक फिकट हात. एवढंच.

ठाणे

माझे वडील सत्तरच्या दशकात इथिओपियात जिम्मा इथे गणित शिकवायला होते. तेव्हा तिथल्या शाळांतून बरेच भारतीय शिक्षक होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई पक्की शाकाहारी, त्यामुळे शेजाऱ्यांकडे जेवायला जाणं तिला अवघड वाटे. मग कळलं की तिथले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांसच काय, दूध आणि अंडीही खात नाहीत. झालं! आमची बुधवारची रात्र शेजारच्या काकूंकडे ठरून गेली.

टेफ नावाचं राजगिऱ्याहूनही बारीक धान्य. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या मातीच्या तव्यावर एकाच बाजूनं भाजलेली परातीएवढी इंजेरा. वरून जाळीदार, आंबोळीसारखीच, पण आंबटपणा आपल्या आंबोळीच्या चौपट. मला पहिल्यांदा ती शिळी वाटली आणि मी तसं आईच्या कानात म्हणाले. मग तिच्यावर शिरो आलं. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, बर्बरे नावाचा लाल मसाला. आईनं एक घास घेतला आणि मराठीत म्हणाली, "अगं, हे तर पिठलं!" पिठलं जिभेवर आल्यावर खालची आंबट इंजेरा आपोआप गोड लागायला लागली.

ताट एकच, सगळे भोवती. काकू इंजेराच्या तुकड्यात शिरो गुंडाळून स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घास द्यायच्या. त्याला 'गुर्शा' म्हणतात. घास मोठा असतो, कारण लहान घास म्हणजे कमी माया. आईला कुणाच्या हातचा उष्टा-खरकटा घास चालत नसे; त्यांच्या हातचा मात्र तिनं घेतला. नंतर घरातच दाणे भाजून, कुटून केलेली कॉफी, तीन फेऱ्या : अबोल, तोना, बराका. तिसरी पिऊनच उठायचं. बरोबर मक्याच्या लाह्या. आई गेली त्याला चार वर्षं झाली. पिठलं घोटताना मला अजून जिम्माचं ते घर आठवतं.

तांपेरे, फिनलंड (मूळ सातारा)

इथली लहान मुलं आवडीनं खातात ती सालमियाक्की नावाची काळी, चौकटच्या आकाराची गोळी. सहकारी मैत्रिणीनं हातावर ठेवली, मी तोंडात टाकली. आधी खारट, मग नाकात झणका, मग जेष्ठमधाचा गोडवा. तो झणका ओळखीचा होता आणि कुठला ते काही केल्या आठवेना. रात्री पाकिटावरची यादी वाचली : अमोनियम क्लोराइड. म्हणजे नवसागर!

आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. भात्यानं निखारा फुलवायचा, पितळी पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापडानं सर्रकन चांदी फिरवायचा. आम्ही पोरं तो धूर मुद्दाम हुंगायचो. सालमियाक्कीत तोच वास होता. मला ती आवडायला दुसरी गोळीही लागली नाही, पण कारण ऐकून मैत्रिणीचे डोळे भरून आले. तिच्या आजोबांच्या खिशात कायम हीच गोळी असायची म्हणाली. मात्र जेष्ठमधानं रक्तदाब वाढतो. मला तो आहेच, त्यामुळे आठवड्याला दोन, जास्त नाही.

भामरागड परिसर

गावं इथलीच, म्हणून लिहू का नको असं झालं. सातवीतल्या एका माडिया मुलानं मला डब्यातून लाल मुंग्यांची चटणी दिली. झाडावर पानं विणून घरटी करणाऱ्या मुंग्या. घरटं उतरवून अंड्यांसकट मीठ-मिरचीबरोबर वाटतात. चिंच नाही, लिंबू नाही, तरी लखलखीत आंबट. मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा तो गुण. पलीकडे बस्तरमध्ये हिला चापडा म्हणतात. ओडिशातल्या सिमिलीपालच्या अशाच काई चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. ज्यानं चटणी दिली होती तो मागच्या बाकावर बसायचा. त्या दिवशी पुढे आला आणि स्वतः ती बातमी परत एकदा मोठ्यानं वाचली.

दिमोना, इस्रायल

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आजी-आजोबा अलिबागजवळचे. आमच्याकडे नवस फेडायचा, लग्न ठरायचं, नवं घर घ्यायचं, काहीही असो, मलिदा होतोच : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं, आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताची प्रार्थना. शेजारी येमेनहून आलेलं ज्यू कुटुंब. त्यांना कच्चे पोहे ही कल्पनाच पटेना. त्यांच्या घरच्या आजींनी एक चमचा तोंडात घातला आणि ताटली परत मागे सरकवली नाही.

त्यांच्याकडून दर शनिवारी आमच्याकडे जाखनून येतं. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कणकेसारखा गोळा कागदाइतका पातळ लाटून, तूप-लोणी लावून, वळकटी करून मंद भट्टीत ठेवतात. सकाळपर्यंत तो तपकिरी, गोडसर, जड होतो. बरोबर रात्रभर भाजलेलं अंडं, किसलेला टोमॅटो. मला सुरुवातीला फार तुपकट वाटलं. पण त्यावर सखुग घेतलं आणि सगळं जुळून आलं. सखुग म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचाच, फक्त त्यात वेलची.

(धागाकर्ती) ठेच्यात वेलची? प्रमाण लिहा ना, आज करून बघते.

(दिमोना) शेजारच्या आजी डोळ्यांच्या अंदाजानं करतात, मी मोजून घेतलं : दहा-बारा हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, सहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, तीन वेलच्यांचे दाणे, मीठ. खलबत्त्यातच कुटा, मिक्सर नको. तेल शेवटी, वर तरंगेल इतकंच.