मदत हवी आहे: ११ वर्षांच्या लेकीच्या पहिल्या शिकारीसाठी कमी धक्क्याची रायफल

नमस्कार मंडळी,

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या जवळ एका शेतीच्या गावात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या दिवसांत गावात दुसरा विषय नसतो. लेकीच्या वर्गातली बरीच मुलं आईवडिलांबरोबर जातात. आपण जे मटण खातो ते कुठून येतं, ते मला बघायचंय आणि स्वतः करायचंय, असं तिने आम्हाला सरळ सांगितलं. मी आणि नवऱ्याने खूप बोलून होकार दिला. हंटर एज्युकेशनचा कोर्स तिने पूर्ण केलाय. शेजारचे आजोबा आयुष्यभर शिकार करत आलेत, ते तिला त्यांच्याच रानात घेऊन जाणार आहेत. या वयाच्या मुलाला हाताच्या अंतरावर मोठं माणूस लागतं, ते तेच असतील. बंदुकीच्या आधी आम्ही कुलपाची तिजोरी आणली, तिची चावी आमच्याकडे असते.

आता अडचण. लेक ४ फूट ७ इंच उंच, वजन ७२ पाउंड, उजव्या हाताने लिहिणारी. .२२ वर (हे आकडे काडतुसांच्या मापांची नावं आहेत, ही सगळ्यात लहान) तिचा नेम छान बसला होता, ५० यार्डांवर सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. मग रेंजवर एका ओळखीच्या माणसाने हौसेने तिच्या हातात .३०-०६ ही मोठ्या काडतुसाची रायफल दिली. एकच गोळी झाडली तिने. खांदा दुखला, त्याहून आवाजाने दचकली, आणि तेव्हापासून .२२ वरही नेम भरकटायला लागला. आजोबांनी एक युक्ती केली: तिला कळू न देता खऱ्या काडतुसांमध्ये एक खोटं काडतूस भरलं. त्यावर तिने चाप ओढला तेव्हा आवाज झालाच नाही, पण नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले. धक्का यायच्या आधीच ती त्याच्याशी लढते आहे.

दुकानात विचारलं तर एकाने .२४३ सांगितली, दुसऱ्याने ६.५ क्रीडमोर, तिसरा म्हणाला .२२३ द्या, काहीच जाणवत नाही. एक अगदी हलकी, सुबक रायफल दाखवली, "खास मुलांसाठी" म्हणून. तिला ती उचलायला सोपी गेली खरी. घ्यावी का? नळीच्या तोंडाला ब्रेक बसवून धक्का कमी होतो म्हणतात, तो बसवू का? आणि मांस घरात सगळे खाणार, तर शिशाच्या गोळीचं काय?

मला तिची भीती घालवायचीच आहे, पण त्याहून मोठी काळजी जनावराची आहे. डोळे मिटून झाडलेली गोळी पोटात लागली तर ते हरीण तासन्‌तास तडफडेल. ते मला तिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

– मॅडिसनची आई

---

रानवाट (मिनेसोटा):

ताई, ती हलकी रायफल आधी बाजूला ठेवा. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून झाडलं की धक्का जास्त बसतो. बंदुकीचं वजनच तो धक्का खातं. साडेसात पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पाउंड (धक्क्याची ताकद मोजायचं एकक) असतो. तीच सहा पाउंडांची असली तर ११ च्या पुढे जातो. तुलनेसाठी: ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमोर १२-१३ च्या आसपास, .३०८ चा १५-१६, आणि तुमच्या लेकीने झाडली ती .३०-०६ जवळपास २०. बहात्तर पाउंडांच्या पोरीला तिने हादरवलं यात नवल नाही. उचलायला जड वाटेल ती वाटू द्या, ती काही दिवसभर खांद्यावर घेऊन डोंगर चढणार नाहीये. मचाणीत बसून टेकूवर ठेवायची आहे.

.२२३ चा धक्का तीन-चार, म्हणजे नसल्यातच जमा. तुमच्या राज्यात हरणासाठी कायद्यात बसते. पण गोळी लहान, थोडीशी चूकही महागात पडते. अनुभवी माणसाने निवडून झाडावी, नवशिक्याच्या हातात मला ती नको वाटते. .२४३ घ्या. १९५५ पासून इथली कित्येक मुलं हिच्यावर शिकली आहेत आणि शंभर यार्डांच्या आत व्हाइटटेल हरणाला ती पुरून उरते. .३५० लेजंडही धक्क्याला जवळपास तेवढीच आहे. रान दाट असेल आणि दीडशे यार्डांच्या पुढे जायचं नसेल तर चांगली.

आता खरं महत्त्वाचं, मापाचं. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. लेकीला बारा-साडेबारा लागेल. माप मोठं असलं की मूल मागे झुकतं, मान ताणतं, दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर येतो आणि मग नऊ फूट-पाउंडही वीससारखे लागतात. घरच्या घरी बघायचं तर: बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, तिचं कोपर काटकोनात वाकवा, दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. रुगर अमेरिकन आणि टिक्का टी३एक्सच्या कॉम्पॅक्ट आवृत्त्या साडेबाराच्या आसपास येतात. मॉसबर्गच्या मुलांच्या रायफलींत दस्त्याला जोडायचा तुकडा मिळतो, पोर वाढली की लावायचा.

ब्रेक नको. खांद्याला आराम मिळतो, पण आवाज कितीतरी वाढतो, आणि तुमची लेक आवाजालाच जास्त घाबरली आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. कानात बोळे आणि वरून मफ (कान झाकणारे हेडफोनसारखे), दोन्ही, प्रत्येक वेळी. शिकारीला जाताना इलेक्ट्रॉनिक मफ द्या, म्हणजे आजोबांची कुजबुज ऐकू येईल.

---

डावा डोळा:

एक प्रश्न. ती कुठल्या डोळ्याने नेम धरते? दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवायला सांगा, त्या फटीतून दूरचा दिवा बघायला सांगा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवूनच हात हळूहळू तोंडाकडे आणायला सांगा. हात ज्या डोळ्यापाशी येतील तो तिचा खरा डोळा. माझ्या मुलाचा हात उजवा आणि डोळा डावा निघाला. तोवर आम्ही सगळा दोष धक्क्याला देत होतो.

---

मॅडिसनची आई:

आत्ताच केलं. हात डाव्या डोळ्यापाशी आले. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा डावाच! उजव्या खांद्याने झाडताना ती डावा डोळा मिटायची, तो खूप दाबून मिटताना दुसराही मिटत असणार. आता काय करायचं? डावखुरी रायफल घ्यायची का?

---

डावा डोळा:

अकराव्या वर्षी खांदा बदलणं सोपं जातं, मोठेपणी फार अवघड. आम्ही डाव्या खांद्यावर नेलं. पण डावखुऱ्या बोल्टची (गोळी भरायचा दांडा डाव्या बाजूला असलेली) आणि शिवाय लहान मापाची अशी रायफल शोधता शोधता दमलो, शेवटी मोडून भरायची एकनळी घेतली. हेन्री आणि सीव्हीए दोघांच्याही आहेत, .२४३ मध्येही. उजवा-डावा भेदच नाही. एका वेळी एकच गोळी, त्यामुळे मूल घाई करत नाही, आणि उघडी असली की रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. मात्र घोडा (गोळीवर आपटणारा मागचा खटका) अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि न झाडता परत हळूच खाली सोडावा लागतो. थंडीत, हातमोज्यांत तिला ते जमतं का, हे दुकानातच तिच्याकडून करून बघा. अंगठ्यात तेवढी ताकद नसेल तर ही बंदूक तिच्यासाठी नाही.

---

एच-वनवाला:

वाचणाऱ्या इतरांसाठी: ताईंचं ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. पण एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मुलाच्या हौसेपायी कुणी परस्पर बंदूक घेऊ नका, आधी वकिलाला विचारा.

---

रानवाट (मिनेसोटा):

ताई, डोळा सापडला हे फार बरं झालं. आता महिनाभर मोठी बंदूक तिला दाखवूही नका. डाव्या खांद्यावर पुन्हा .२२, अगदी जवळून, आणि आजोबांचं खोटं काडतूस अधूनमधून चालू राहू द्या. नळी जागची हलेनाशी झाली की मगच .२४३, तीही एका दिवशी पाच-सहा गोळ्यांच्या वर नको. शक्य असेल तर उभ्याने किंवा बसून काठीच्या टेकूवर. टेबलावर वाकून झाडताना शरीर मागे जाऊ शकत नाही, सगळा धक्का खांद्यात मुरतो. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब राहील अशी बसवा, नाहीतर भुवई फुटते आणि मग सगळं पहिल्यापासून.

शिशाबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच. शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, कापूनही निघत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात असे कण सापडल्यावर अन्नपेढ्यांना ते टाकून द्यायला सांगितलं होतं. लहान मुलं खाणार असतील तर पूर्ण तांब्याची गोळी घ्या, .२४३ साठी ८० किंवा ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). शिशाच्या नेहमीच्या शंभर ग्रेनच्या गोळीपेक्षा हलकी, म्हणून धक्काही जरा कमीच. सराव स्वस्त गोळ्यांवर चालेल, पण दुर्बीण शेवटी तांब्याच्याच गोळीवर जुळवा, दोन्हींचा नेम एकाच जागी पडत नाही. आणि तुमच्या भागात २००२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी (मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग) आहे. डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) फुकट तपासणी करून देतं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहू द्या.

जनावराच्या काळजीवर एकच उपाय मला माहीत आहे. अंतर आधीच ठरवा. कागदी ताटलीवर, ज्या टेकूवरून ती शिकारीत झाडणार त्याच टेकूवरून, सलग पाच गोळ्या जिथून आत बसतात तेवढंच तिचं अंतर. साठ यार्ड निघालं तर साठ. हरीण आडवं उभं असेल तरच, खांद्याच्या मागे, आणि "आज नको" म्हणायचा हक्क पूर्णपणे तिचा. हे आजोबांसमोर तिला आधीच सांगून ठेवा.

---

मॅडिसनची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जातोय, अंगठ्याची परीक्षा तिथेच घेऊ. आजोबांकडे ताटल्यांचा गठ्ठा पोचता केलाय. मुलांसाठी ऑक्टोबरात जो दोन दिवसांचा वेगळा हंगाम असतो, तो यंदा सोडून देतोय. तोवर तिची तयारी होणार नाही. कुणाकडे लहान मुलीच्या मापाचं, डाव्या खांद्याला दस्ता नीट टेकेल असं नारिंगी किंवा गुलाबी जाकीट असेल तर कृपया कळवा. दुकानातली सगळी तिच्या गुडघ्यापर्यंत येतात.