मदत हवी आहे: फोलिन रिएजंट हिरवं आलंय (आणि काकांना सोडियम टंगस्टेट खायचंय!)

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गात एमएस्सी करतेय. प्रोजेक्ट रातांब्यावर (कोकमाच्या फळावर) आहे. घरच्या झाडाचे रातांबे आणि 'कोकण अमृता' जातीचे, दोन्हींच्या सालीतलं एकूण फिनॉल मोजायचंय. त्यासाठी लागणारं, फिनॉलमुळे निळं होणारं फोलिन-सिओकाल्टो रिएजंट तयार घेणं परवडत नाही. कपाटात सोडियम टंगस्टेटची जुनी बाटली मिळाली, म्हणून स्वतःच बनवायला घेतलं.

१०० ग्रॅम सोडियम टंगस्टेट, २५ ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट, ७०० मिली पाणी, ५० मिली ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, १०० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. रिफ्लक्स (वर कंडेन्सर लावून, वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळणं) १० तास. सहाव्या तासाला वळीव आला आणि लाईट गेली. उरलेले चार तास दुसऱ्या दिवशी केले. मग १५० ग्रॅम लिथियम सल्फेट, ५० मिली पाणी, ब्रोमीनचे थेंब, १५ मिनिटं उकळी. सोनेरी पिवळं यायला हवं होतं, माझं आलंय कैरीच्या सालीसारखं हिरवट. फेकू की वाचेल?

दुसरा प्रश्न घरचा. काकांना डायबेटिस आहे. सोडियम टंगस्टेटने साखर उतरते असं कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलं. तेव्हापासून, "तुमच्या लॅबात तां मीठ आसा मां? येताना पुडी बांदून हाड!" दिसतंही मिठासारखंच, पांढरे खडे, पाण्यात झटकन विरघळणारे. त्यांना काय सांगू?

खाजणवाला: लाईट गेल्याने काही बिघडत नाही. कंडेन्सर काचेच्या जॉइंटचा (काचेत काच घट्ट बसणारा) होता की बूच लावलं होतं?

धागाकर्ती: जॉइंटचा फुटलाय. रबरी बूच होतं, वर ग्रीसही चोपडलं होतं.

खाजणवाला: सापडला चोर. पिवळ्या रिएजंटमध्ये टंगस्टन आणि मॉलिब्डेनम +६ अवस्थेत असतात. रबर, ग्रीस, धूळ, काहीही सेंद्रिय लागलं की त्यातल्या थोड्यांचं क्षपण होतं (इलेक्ट्रॉन मिळून +६ पेक्षा खाली येतात) आणि ते निळे होतात. पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं. फिनॉल मोजतानाही हीच क्रिया होते, ७६५ नॅनोमीटरला आपण तोच निळा रंग वाचतो. तुमचं रिएजंट रातांब्याआधी बुचाचंच माप घेऊन बसलंय. फेकू नका. आधी १०० मिलीवर करून बघा: ब्रोमीनचे दोन-तीन थेंब, मग कंडेन्सर न लावता १५ मिनिटं उकळा, म्हणजे जादा ब्रोमीन उडून जाईल. फ्यूम हूडमध्येच, नुसती खिडकी उघडून नव्हे. हिरवी झाक राहिली तर पुन्हा तेच. गार झाल्यावर गाळून गडद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा.

आणि एक, ॲस्कॉर्बिक आम्लही हा रंग देतं. तेव्हा येणारा आकडा निव्वळ फिनॉलचा समजू नका.

आगळ_सोडा: काकांबद्दल. मेसेज अगदीच हवेतला नाही. १९९० च्या दशकात बार्सिलोनातल्या संशोधकांनी मधुमेही उंदरांना पाण्यातून सोडियम टंगस्टेट दिलं आणि साखर खरंच उतरली. पण ते उंदीर. पुढे लठ्ठ माणसांवर छोटी चाचणी झाली, तिच्यात वजन काही घटलं नाही. औषध म्हणून ते बाजारात आलेलं नाही. शिवाय शरीरात टंगस्टन मॉलिब्डेनमची जागा बळकावतं. उंदरांना टंगस्टेट खायला घातलं की झँथिन ऑक्सिडेज, सल्फाइट ऑक्सिडेज ही मॉलिब्डेनमवर चालणारी एन्झाइमं लंगडी पडतात. तुमच्या बाटलीतलं तर लॅब ग्रेड, त्यात आणखी काय आहे देव जाणे.

काकांना फ्रान्सच्या सैनिकाची गोष्ट सांगा. तोफखान्यात नवा भरती झालेला पोरगा. रीत म्हणून तापलेल्या तोफेच्या नळीतून ओतलेली बिअर नि वाइन प्यायला. थोड्याच वेळात झटके, बेशुद्धी, नंतर मूत्रपिंडाला इजा. रक्तात आणि लघवीत टंगस्टन भरपूर सापडलं. वाचला बिचारा.

आणि ताई, बिघडलेलं काही सिंकमध्ये ओतू नका. आपल्याकडे सिंकचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि जांभ्यातून थेट विहिरीत. वेगळ्या बाटलीत साठवा, नाव लिहून.

धागाकर्ती: दोघांचे आभार! पहिल्या वेळी झाक राहिली होती, दुसऱ्यांदा ब्रोमीन घातल्यावर मस्त पिवळं झालं. उरलेलंही उद्या तसंच करते. दुसऱ्या कॉलेजातून जॉइंटचा कंडेन्सर उसना मिळालाय.

काकांना सैनिकाची गोष्ट सांगितली. सगळी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "बिअर खंयची हुती?"

बाटली सरांच्या कपाटात कुलपात ठेवली आहे.