होस्टेलात राहिलेल्यांनो, दिवे मालवल्यावर काय व्हायचं? (अनुभव धागा)

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी मी एक कादंबरी लिहितेय. साल १८६३, गाव आपलं नागपूर. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन नऊ वर्षं झालीत. राजवाड्यातले हत्ती-घोडे कवडीमोलानं विकले गेलेत, जवाहीर कलकत्त्याला गेलंय. अशा वेळी गावाबाहेरच्या एका निवासी शाळेत (शाळा माझ्या मनातली) दोघं भेटतात. तो महालातल्या कारकुनाचा मुलगा, झरझर मोडी वाचणारा. ती दगडावर तळहात ठेवते तेव्हा तिला त्याखाली पुरलेल्यांचं बोलणं ऐकू येतं.

हे सुचलं ते स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. हे मिशनरी नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (जुन्या दफनांभोवती गोल मांडलेले धोंडे) बघायला गेले आणि ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. माझ्या गोष्टीत घोडा एकटाच परत येतो, आणि त्याच रात्री तिला पहिला आवाज ऐकू येतो.

इतिहास ग्रंथालयात बसून मिळाला. होस्टेल मात्र मिळत नाहीये, कारण मी जन्मभर आईच्याच घरी राहिले. घंटा, पांघरुणं, भीती, भूक, लपवाछपवी, आणि हो, प्रेम. तुमच्याकडे असेल ते द्या. फार मोलाचं आहे माझ्यासाठी.

धंतोलीची माजी रहिवासी

मी १९८६ ते ८८ मुलींच्या एका होस्टेलात होते. रेक्टरबाई आलेलं प्रत्येक पत्र फोडून वाचायच्या. भावाचं असलं तरी. पत्र हातात यायचं ते फाडलेल्या तोंडाचं, आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणी ते वाचलंय ही जाणीव शेवटच्या ओळीपर्यंत जायची नाही. तुमच्या नायिकेला हे नक्की द्या. दगडाखालचं बोलणं ती एकटीच ऐकते, हे तिला केवढं मोठं सुख वाटेल बघा. तिचं स्वतःचं असं तेवढंच एक असेल.

आता उपाय. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री यायची, घरून टोपली यायची. आंबट फळ निवडायचं, रस वाटीत पिळायचा, काडीच्या टोकानं लिहायचं. वाळलं की कागद कोरा. बल्बजवळ धरला की अक्षरं तपकिरी होऊन वर यायची. गणिताच्या शिकवणीत मुलंमुली एकत्र होती आणि सर वह्या अदलाबदल करून तपासायला द्यायचे. बाई वह्याही चाळायच्या, पण त्यांना फक्त गणितं दिसायची. १८६३ मध्ये बल्ब नसेल, पणतीवर शेकता येईल. कागद हलवत राहायचा, नाहीतर जळतो.

निवृत्त मास्तर, महाल

ताई, कल्पना सुंदर आहे, म्हणूनच नीट तपासून वाचलं. तुम्ही मागे टाकलेल्या तुकड्यात नायकाचा मामा मुंबईहून आगगाडीनं थेट नागपुरात उतरतो. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. मामाला बैलगाडीत बसवा, त्याचे हाल होऊ द्या. दुसरं, मारबतीची, म्हणजे तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक काढून टाका. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मलाही वाईट वाटतंय, तान्ह्या पोळ्याची ती गर्दी कादंबरीत हवीच होती. आणि मुलंमुली एकाच छपराखाली ठेवू नका, त्या काळात पटणार नाही. मध्ये भिंत घाला. भिंत दगडाची असली तर तुमच्या नायिकेचं काम सोपंच होईल.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आयती आहे. १८५४ साली नागपूर खालसा झालं, त्याच वर्षी कंपनी सरकारनं देशभर एकसारखे टपाल दर लावले आणि अर्ध्या आण्याचं निळं तिकीट काढलं. ज्या वर्षी या गावाचा राजा गेला, त्याच वर्षापासून साधं पत्र अर्ध्या आण्यात कुठंही जाऊ लागलं. प्रेमकथा लिहिणाऱ्यानं हे सोडू नये.

भंडाऱ्याकडचा

मी १९७१ ला नागपूरच्या होस्टेलात आलो. घरातला शाळेत गेलेला पहिलाच. माझ्याकडे प्रेमकथा नाही. दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर दिवा, एवढ्यासाठीच बापानं पाठवलं होतं. पहिल्या रात्री मी दिवा बंद करू दिला नाही. अंधाराचं भय नव्हतं, उजेड वाया जाईल असं वाटत होतं. बाकीची पोरं चिडली. एकजण उठला, माझ्या खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, तुले झोप येईपर्यंत गोष्ट सांगतो, मग बंद करू.

तो गोंड होता. त्यानं बख्त बुलंद शाहाची गोष्ट सांगितली, बारा खेडी जोडून १७०२ मध्ये नागपूर वसवणाऱ्या राजाची. गोष्ट संपली तेव्हा सगळी खोली जागीच होती. माझी विनंती एवढीच, की तुमच्या गोष्टीतलं नागपूर भोसल्यांपासून सुरू करू नका. दगडाखालून जे बोलतात त्यात आमचे, त्याचे लोकही असू द्या. आणि तुमच्या शाळेत फुकट जेवणारं एक पोर ठेवा, सगळ्यात मागच्या पंगतीत. त्याला नाव द्या.

काटोल रोड

जुनापाणीची वर्तुळं पाहिली का? टाकळघाटपेक्षा मला तीच माहिती. लोहयुगातली दफनं आहेत, काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. होस्टेलातून आम्ही सातजण सायकलींवर गेलो होतो, पाऊस नुकताच उघडला होता. त्या खळग्यांत पाणी साचलं होतं. आमच्यातल्या एकानं त्यात बोट बुडवलं आणि एकदम गप्प झाला. वापसीच्या वाटेवर बोललाच नाही. त्याची आई त्या साली वारली होती, हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. काही ऐकू आलं का म्हणून मी त्याला कधी विचारलं नाही. आज तुमचा धागा वाचून विचारावंसं वाटतंय.

अकरावी, सध्या होस्टेलात

आमचे मोबाइल रात्री नऊला जमा होतात. मग टॉर्च आणि पुस्तक. अशा कादंबऱ्या मी खूप वाचते, पण त्यातले किल्ले, बर्फ, शाळेचे मनोरे सगळं परकं. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं, कूलरमधलं पाणी संपलं की कुणी उठायचं यावर भांडण होतं, आणि ज्या रात्री माझ्या मैत्रिणीनं काही न बोलता उठून पाणी भरलं, त्या रात्रीपासून ती माझी मैत्रीण आहे. उन्हाळ्यातलं प्रेम लिहा ना. आणि प्लीज, तिला शेवटी मारू नका.

धागाकर्ती

नाही मारणार. शब्द.

मामा बैलगाडीत बसला. मारबत काढली, जड मनानं. भिंत घातली. मागच्या पंगतीतल्या पोराला काल रात्री नाव दिलं, आणि आता तोच गोष्ट सांगेल असं वाटतंय. पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिहिणार आहे. भंडाऱ्याच्या काका, तुमच्या मित्राला अजून भेटता का?

धंतोलीच्या ताई, संत्र्याची शाई मी वापरू का? आणि राहवत नाही म्हणून विचारते, बल्बजवळ धरलेल्या पहिल्या कागदावर काय होतं?

भंडाऱ्याकडचा

दर पोळ्याला.

धंतोलीची माजी रहिवासी

वापरा, खुशाल वापरा.

"सातवं गणित चुकलंय. चिन्ह बघ." एवढंच होतं. सरांपुढे लाल शाईनं लिहिलं असतं तर मला सगळ्यांसमोर उभं केलं असतं, म्हणून त्यानं तिथं बरोबरची खूण केली होती, आणि खाली रसानं हे. मी त्या रात्री सातवं गणित चार वेळा सोडवलं.