मदत हवी आहे : जंगलावरच्या तापमानाचा करवतीसारखा आलेख

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतोय. एका जंगलातल्या टॉवरवरचा सोनिक अ‍ॅनिमोमीटरचा (ध्वनिलहरींनी वारा आणि तापमान मोजणारं यंत्र) डेटा हाताशी आहे, सेकंदाला 10 नोंदी. दुपारी तापमान हळूहळू चढतं आणि एकदम कोसळतं, करवतीचे दातेच जणू. झाडोऱ्यात हवा तापत राहते, मग वरून थंड झोत घुसून तिला बाहेर फेकतो, एवढं कळलंय. रात्री दाते उलटे.

अडलंय ते पुढं. दात्याची उंची आणि कालावधी स्ट्रक्चर फंक्शनने (ठराविक वेळेच्या अंतरावरच्या दोन नोंदींतल्या फरकाच्या घाताची सरासरी) काढतोय, पण लॅग (म्हणजे ते वेळेचं अंतर) जरा बदलला की उत्तर पार बदलतं. तिसऱ्या घाताचं फंक्शन भागिले लॅग जिथं कमाल, तो लॅग घ्या असं वाचलंय. माझ्याकडं ठळक शिखरच येत नाही. आधी डेटा गाळून (फिल्टर करून) घ्यायचा का? की सरळ वेव्हलेट (छोट्या लहरींशी ताडून डेटातले बदल शोधायची पद्धत) बरं?

दुसरं, पुढं दाजीपूरला (वनखात्याने परवानगी दिली तर!) बारीक तारेचं थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडावर तापमान मोजणारा सेन्सर) लावायचा विचार आहे. तिथलं पावसाळी धुकं म्हणजे तार ओलीच, आणि ओली तार खरं तापमान दाखवत नाही. घाटात कुणी असं काही लावलंय का? पायथनचा कोड असेल तर लई उपकार होतील.