कच्चं मांस घातलं की कुत्रा वीस वर्षं जगतो, हे कुणी सांगितलं?

खाडीपल्याड (धागाकर्ता)
काल गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. "कुत्रा म्हणजे लांडगा. भात-भाकरी त्याला विष. कच्चं मांस आणि हाडं घाला, वीस वर्षं जगेल. शिजवून घालणारे त्याचं आयुष्य निम्मं करतात." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

कुत्रा लांडगा राहिलेला नाही. 2013 साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास आहे. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती, कुत्र्यात 4 ते 30. हजारो वर्षं माणसाच्या चुलीशेजारी काढली, त्याचा हा परिणाम. पेज त्याला पचते.

आता आयुष्याचं. लॅब्रॅडॉरची 48 पिल्लं घेतली, जोड्या लावल्या. अन्न दोघांना तेच, फक्त जोडीतल्या एकाला 25 टक्के कमी. 2002 साली निष्कर्ष आला, कमी खाणारे साधारण 1.8 वर्षं जास्त जगले. म्हणजे किती घालता याला महत्त्व आहे. कच्चं की शिजलेलं, यावर एवढा लांबचा एक तरी अभ्यास पोस्टवाल्याने द्यावा.

सड्यावरची
पोस्ट माझी नाही, पण मी तीन वर्षं कच्चं घालतेय, म्हणून हे मला लागलं. तुम्ही दिलेला लॅब्रॅडॉरचा अभ्यास डॉगफूड बनवणाऱ्या कंपनीचा आहे, ते का नाही लिहिलंत?

माझी जर्मन शेफर्ड पाकिटातलं खायची तेव्हा पोट खाजवून खाजवून रक्त काढायची. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, थांबल्या की पुन्हा तेच. कच्चं सुरू केलं आणि दोन महिन्यांत पोटावर केस आले. दात पांढरे, शी घट्ट. इयान बिलिंगहर्स्ट हे पशुवैद्यच आहेत आणि 1993 पासून हेच सांगतायत. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू?

वेंगुर्ल्याचो
आमच्या घराक कुत्र्याक कोणी मटान तोलून घालूक नाय. मोत्याक सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी बांगड्याची शिजवलेली डोकी. चवदा वर्सां जगलो. तो पोर्तुगालचो बोबी बगा, माणसांचा जेवान खावन 31 वर्सां. माझ्या दाराक बगलेला माका पुरे.

गोठ्यावरचा (पशुवैद्यकाच्या हाताखाली अकरा वर्षं)
बोबीचा सगळ्यात म्हाताऱ्या कुत्र्याचा विक्रम गिनीजने 2024 मध्ये काढून घेतला, वयाचा पुरावा पुरला नाही. आणि मोत्या चौदा वर्षं जगला, पण त्याच्यासोबत जन्मलेली बाकीची पिल्लं कुठे गेली? ती कुणाला आठवत नाहीत.

सड्यावरच्या ताई, पाकीट बंद केलं म्हणून खाज थांबली असेल. त्यातल्या एखाद्या घटकाचं वावडं असू शकतं. शिजवून घातलं असतं तरी थांबली असती. मी हे का बोलतोय ते सांगतो. चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर आमच्याकडे आलं, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. नुसतं बोनलेस चिकन, कच्चं. हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही, मग शरीर स्वतःच्याच हाडातून काढून घेतं. मालक रडत होता, "सगळ्यात महागडं घातलं हो."

शिवाय फ्रीजरने साल्मोनेला (कच्च्या चिकनमधला, पोट बिघडवणारा जंतू) मरत नाही, फक्त थांबतो. आपल्याकडे जूनमध्ये लाइट सहा-सहा तास जाते. चिकन सुटतं, पुन्हा गोठतं, आणि तेच भांडं घासणारे हात भाकरी थापतात.

सड्यावरची
माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि मी हाडासकट घालते. शिजवलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात घुसतात, तेही लिहा.

गोठ्यावरचा
घुसतात. मान्य. शिजवलेलं हाड कुणीच घालू नये.

पडवीवाला
आयुष्य, आयुष्य काय करताय! आमच्याकडे कुत्र्याचं आयुष्य बिबट्या ठरवतो. गेल्या पौषात वाघ्या नेला. सकाळी पाहिलं तर खांबाचा खिळा वाकलेला, साखळी अंगणात आणि सारवणावर नखांचे चार ओरखडे. शेजारी कच्ची कोंबडी घालतात, त्या वासानेच आला.

सड्यावरची
वासाचं खापर आमच्यावर फोडू नका. बिबट्याला कुत्राच हवा असतो. पेज खाणाराही नेतो.

खाडीपल्याड
हे खरं आहे. आणि पडवीवाले, वाईट वाटून घेऊ नका, पण साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळायलासुद्धा जागा नव्हती. रात्री आत घ्यायला हवा होता.

पडवीवाला
मी मारला म्हणा ना सरळ! गोठा कोण राखणार? रात्री दोनला वाघ्या भुंकायचा म्हणून माझी गाभण म्हैस वाचली होती. चाकरमानी मे महिन्यात येतात, गावच्या कुत्र्याला बिस्कीट घालतात आणि आम्हाला माया शिकवतात.

खाडीपल्याड
मी चाकरमानी नाही, जन्म इथलाच. शब्द कडक गेला, तेवढ्याची माफी. मुद्दा मागे घेत नाही.

वेंगुर्ल्याचो
गोठ्याचा दार बंद करा आणि कुत्र्याक आत घेवा. आमी तसाच करतो. खिळ्यांचो पट्टो पण घालतो.

पडवीवाला
दार वाळवीने खाल्लंय. बोलायला सोपं आहे.

रापणीतला
बिबट्या सोडा, किनाऱ्यावर या. रापण ओढली की केंड, म्हणजे तो विषारी फुगणारा मासा, तिथेच वाळूत टाकतात. माझं तपकिरी पिल्लू, पाच महिन्यांचं, एक चघळलं. तासाभरात मागचे पाय ओढत होडीच्या सावलीला आलं. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होतं, पण शेपटी हलेना. संध्याकाळच्या आत गेलं. 'नैसर्गिक खाणं' म्हटलं की मला ते डोळे दिसतात.

गोठ्यावरचा
केंडातलं विष शिजवूनही जात नाही. बांगड्याचंही सांगतो, बर्फाविना उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं, तेही उकळून जात नाही. काही माशांत कच्चेपणी बी-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो मात्र शिजवल्याने नष्ट होतो.

सड्यावरची
मी आठवड्यातून दोनदा कच्चा बांगडा घालत होते. तो बंद करते. चिकन बंद करणार नाही, तिची खाज मी पाहिलीय. पण ती 38 किलोंची झालीय, डॉक्टरही वजन उतरवा म्हणाले होते. त्या 25 टक्क्यांचं खरं निघालं तुमचं.

पडवीवाला
काल नवीन पिल्लू आणलंय, काळं. रात्री माजघरात निजवलं, पहाटेपर्यंत कुईं कुईं करत होतं. गोठ्याच्या दाराला सुतार सोमवारी येतो म्हणालाय. खायला पेजच घालणार.