मदत हवी आहे : मंडळीची हिशेबाची वही पोरांच्या हाती कशी द्यावी?

सर्वांना सलाम. यवतमाळकडच्या खेड्यातली आमची लहानशी मंडळी (म्हणजे चर्चची सभासद घरं), पंचवीसेक घरं. पाळक (पाद्री) महिन्यातून दोनदाच येतात, बाकी सगळं कमिटी पाहते. कमिटीत सर्वांत लहान मी, वय 58! 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आमचे खजिनदार काका विशीत होते. माणूस सोन्यासारखा, पण वहीला कोणाला हात लावू देत नाहीत.

पोट्ट्यांकडे कामं काय, तर सतरंज्या घालणं अन् माईक लावणं. यंदा कापणीच्या सणाला बारावीतल्या एका पोरीने कापूस, ज्वारी, भोपळ्यांचा लिलाव चालवला, हिशेब तिथल्या तिथे मोबाइलवर. रुपयाचा फरक नाही. तरी काकांनी पैसे घरी नेऊन पुन्हा मोजले. पोरगी त्यानंतर दोन रविवार आली नाही.

बायबलमधल्या प्रेषित पौलाने इफिसची मंडळी तरुण तीमथ्यावर सोपवली, हे उपदेशात आम्हीच सांगतो. चावी मात्र आमच्याच करदोड्याला.

तुमच्याकडे हे कसं जमवलं? वर्षभर सहखजिनदार ठेवावा, की थेट निवडणूकच घ्यावी? बँकेतल्या दोन सह्यांपैकी एक तरुणाची केली, असं कोणाकडे आहे का? अन् काकांजवळ विषय काढायचा कोणी? मी काढू शकत नाही, ते माझे मामसासरे लागतात.