मेघदूतात यमक नाही म्हणायचं की अंत्यानुप्रास नाही?

अर्धविराम: मेघदूताच्या रचनेवर एक टिपण लिहितोय. त्यात सहज लिहून गेलो की यात यमक नाही, सगळी मदार मंदाक्रांता वृत्ताच्या चालीवर. तपासणाऱ्या बाईंनी 'यमक'भोवती लाल गोल काढला, बाजूला लिहिलं 'अंत्यानुप्रास'. आता ओळीच्या शेवटी जुळतं ते यमक हेच शाळेत शिकलो ना आपण?

गणमात्रा: बाई बरोबर आहेत. पहिल्याच श्लोकात एका ओळीच्या शेवटी 'प्रमत्तः', खालच्या ओळीच्या शेवटी 'भर्तुः' येतं, ते जुळत नाही, म्हणजे अंत्यानुप्रास नाही. संस्कृतातलं यमक म्हणजे तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने परत येणं, ओळीत कुठेही. रघुवंशाचा नववा सर्ग उघड, पहिल्याच श्लोकात 'यमवतामवतां', मवता-मवतां दोनदा आलं बघ.

रिकामटेकडा: आमचे आजोबा सांगायचे, यम म्हणजे मृत्यू, ओळ मरते तिथे यमक 😀

गणमात्रा: आजोबांना नमस्कार, पण यम म्हणजे जुळं. यम-यमी जुळे होते ना.

शेवंती: ते संस्कृतात असेल हो, पण टिपण मराठीत आहे ना? 'यमक जुळलं का' असंच विचारतो आपण, 'अंत्यानुप्रास जुळला का' असं कोण म्हणतं? ट ला ट लावणाऱ्या पोरालासुद्धा यमक कळतं, उगाच सोवळं कशाला!

गणमात्रा: सोवळं नाही. वामन पंडितांना 'यमक्या वामन' म्हणायचे ते काय नुसत्या ट ला ट वरून?

अर्धविराम: अहो पण मी लिहू काय??

शेवंती: यमकच लिही. आणि जरा चालीबद्दल लिही की, 'कश्चित्कान्ता' ही सुरुवातच मोठ्याने म्हणून बघ, चार गुरू, पाय ओढत चालल्यासारखे, मग 'विरहगुरु' पाच लघू एका दमात पळतात आणि 'णा'वर येऊन थांबतात. बायकोपासून लांब पडलेला यक्ष असाच बोलणार ना? माझा तर दरवेळी त्या 'णा'वर घसा दाटतो.

गणमात्रा: हे मात्र खरं. यती, म्हणजे थांबा, आधी चार, मग सहा, मग सात अक्षरांवर, एकूण १७ अक्षरं. वृत्ताच्या लक्षणाच्या ओळीतच आहे, 'जलधिषडगैः', जलधी म्हणजे समुद्र, ते ४, षड् ६, अग ७.

रिकामटेकडा: अग म्हणजे सात? मी आपलं 'अगं' वाचलं.

गणमात्रा: अग म्हणजे पर्वत, कुलपर्वत सात म्हणून ७. अ-ग, जो जात नाही तो.

रिकामटेकडा: मग नग पण तेच का? आणि दागिन्यांचे नग?

शेवंती: ते नग वेगळे असणार, आमच्याकडे तर माणसालाही नग म्हणतात, तुझ्यासारख्या.